लहान मधुवसाहतीत राणीमाशीची पैदास

मधुमक्षिकापालन हा सह्याद्रीच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्यांचा जुना जोडधंदा आहे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे असून त्याच तालुक्यातील मांघर हे गाव 2022 साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. मोठ्या मधपाळांबरोबरच परसात, शाळेच्या आवारात किंवा फळबागेत दोन-चार मधपेट्या हौसेने सांभाळणारेही अनेक आहेत. या छोट्या पालकांसमोर एक अडचण हमखास उभी राहते. एखाद्या पेटीतील राणी मरते किंवा म्हातारी होते आणि पाहता पाहता सारी वसाहत ओस पडते. मग रानातील पोळे काढून आणून पेटी भरली जाते. रानातील वसाहत कमी होते. आणि राणी टिकविण्याचे तंत्र अवगत नसेल, तर पेटी पुन्हा रिकामी होण्याचा धोका कायमच राहतो. स्वतःच्या वसाहतीतून नवी राणी तयार करणे हाच यावरील खरा उपाय होय.

राणी कशी घडते?

आपल्याकडे पेटीत पाळली जाणारी देशी माशी म्हणजे सातेरी. तिच्या वसाहतीत एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि हंगामापुरते नर असतात. राणी व कामकरी या दोघीही फलित अंड्यातूनच जन्मतात. नर मात्र अफलित अंड्यातून जन्मतो. राणी आणि कामकरी यांतील भेद अन्नामुळे पडतो. जी अळी सुरुवातीपासून अखेरपर्यंत भरपूर राजान्नावर पोसली जाते, ती राणी होते. कामकरी माश्या साध्या अळीपासूनही राणी घडवू शकतात, हे अठराव्या शतकात सॅक्सनीतील शिराख या पाद्र्याने दाखवून दिले. राणीपैदाशीचे सारे तंत्र या एका शोधावर उभे आहे.

सातेरीची राणी अंड्यापासून साधारण पंधरा-सोळा दिवसांत बाहेर येते. तीन दिवस अंडे, सुमारे पाच दिवस अळी आणि उरलेले दिवस कोश, असा हा क्रम असतो. कामकरी माशीस यासाठी सुमारे एकोणीस-वीस दिवस लागतात. अळी जितकी कोवळी असताना राणीसाठी निवडली जाईल, तितकी राणी सकस निपजते.

दुबळ्या पेटीत राणी वाढवू नये

लहान प्रमाणावर काम करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे सर्वांत अशक्त पेटीकडूनच राणीची अपेक्षा करणे. अळ्यांना राजान्न पुरविण्याचे काम तरुण माश्यांचे असते. त्यांची संख्या अपुरी असेल, तर राणी खुजी निघते व अंडी कमी घालते. शिवाय राणी काढून घेतल्यापासून नवी राणी अंडी घालू लागेपर्यंत साडेतीन-चार आठवडे जातात आणि तिच्या पहिल्या कामकरी माश्या बाहेर पडण्यास आणखी जवळजवळ तीन आठवडे लागतात. एवढा खंड दुबळी वसाहत सोसू शकत नाही. म्हणून राणी नेहमी सर्वांत बळकट पेटीत वाढवावी आणि लहान वसाहतीचा उपयोग तयार राणीघर सांभाळण्यासाठी करावा.

कामाचा क्रम

जी वसाहत पावसाळ्यात तग धरते, रोगमुक्त असते, शांत असते आणि पेटी सोडून सहसा जात नाही, तीच निवडावी. 1991-92 मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने देशी माश्यांच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. त्या अनुभवानंतर निरोगी वाण राखण्याचे महत्त्व अधिकच पटले आहे.

बाहेरून पराग भरपूर येत असताना आणि नरांची घरे मोहोरबंद झालेली दिसत असतानाच काम सुरू करावे. सातेरीच्या नरघराच्या टोपणावर मधोमध बारीक छिद्र असते. त्यावरून ते चटकन ओळखता येते. भर पावसात हा उद्योग करू नये.

प्रथम निवडलेल्या पेटीस काही दिवस साखरेचा पाक द्यावा. नंतर तिची जुनी राणी, पिलाव्याची एक व मधाची एक अशा दोन चौकटींसह लहान पेटीत ठेवावी. पोक्त माश्या मूळ जागी परत जातात. म्हणून या लहान पेटीत आणखी एका चौकटीवरील माश्या झटकाव्यात आणि तिचे दार अरुंद ठेवावे. ही जुनी राणी म्हणजे विमाच होय. प्रयोग फसला, तर वसाहत पुन्हा तिच्याच हवाली करता येते.

राणीवाचून राहिलेल्या मूळ पेटीत माश्या लगेच राणीघरे बांधू लागतात. तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस पेटी तपासून, तोवर मोहोरबंद झालेली घरे मोडून टाकावीत. ती थोराड अळ्यांपासून केलेली असतात. नवव्या दिवशी उत्तम राणीघरे पोळ्याच्या थोड्या भागासह कापून घ्यावीत. ती उलटी करू नयेत, त्यांना धक्का लागू देऊ नये. मूळ पेटीत एक घर ठेवून बाकीची, आदल्या दिवशी राणीविरहित केलेल्या दोन-दोन चौकटींच्या लहान पेट्यांत एकेक याप्रमाणे बसवावीत.

त्यानंतर सुमारे दोन आठवडे पेटी उघडण्याचा मोह टाळावा. कुमारी राणी दुपारच्या वेळी उड्डाण करून हवेतच अनेक नरांशी संयोग करते. पुढे प्रत्येक घराच्या तळाशी एकेक अंडे दिसले, म्हणजे काम साधले. एका घरात अनेक, अस्ताव्यस्त अंडी दिसल्यास कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या असे समजावे. राणीविना राहिलेल्या सातेरी वसाहतीत हे लवकर घडते. त्यामुळे विलंब न लावता उपाय करावा.

एकट्याचे काम नव्हे

परिसरात एकाच वंशाच्या दोन-तीन पेट्या असतील, तर राणीचा संयोग जवळच्या नात्यातील नरांशी होतो. अशा वेळी काही फलित अंड्यांतून निकामी नर निपजतात, कामकरी माश्या त्या अळ्या काढून टाकतात आणि पिलाव्यात जागोजाग रिकामी घरे दिसतात. पाहणाऱ्याला राणीच दुबळी वाटते. वास्तविक दोष नरांच्या नात्यात असतो. चांगली राणी ही एकट्या पालकाची मिळकत नसून साऱ्या पंचक्रोशीची असते, ती या अर्थाने.

म्हणूनच शेजारच्या गावांतील पालकांनी निरोगी वसाहतींतील राणीघरांची आपसांत देवाणघेवाण करावी. शाळेतील एका पेटीवर विद्यार्थ्यांना दिवस मोजून हा सारा क्रम दाखविता येईल. ग्रामपंचायतींनी जांभूळ, हिरडा यांसारखी फुलोऱ्याची झाडे राखावीत आणि पिके फुलात असताना दिवसा कीटकनाशके फवारली जाऊ नयेत याकडे लक्ष द्यावे. प्रशिक्षणासाठी महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांचे मार्गदर्शन घेता येईल. पेटीतील राणी पेटीतच घडू लागली, तर रानातील पोळी रानात राहतील आणि त्यांच्या परागीभवनाचा लाभ शिवारातील प्रत्येक शेतकऱ्यास मिळेल.