कोणत्या पोत्यातले दाणे?

सोलापुरात शेंगाचटणी करणारी घरं पुष्कळ, त्यांतलंच आमचं एक. सासूबाई उखळात कुटून विकायच्या. धंदा माझ्या हाती आला तेव्हा कांडप यंत्र आलं, आठ बायका कामाला आल्या, महिन्याला दीड टन माल जाऊ लागला. चव तीच राहिली. लिहून ठेवायची पद्धत मात्र उखळाच्या काळातलीच राहिली, म्हणजे नव्हतीच.

चार वर्षांपूर्वी आषाढात पुण्याच्या एका दुकानदारांचा फोन आला. आमचं एक पाकीट त्यांनी स्वतःच्या खर्चाने प्रयोगशाळेत तपासून घेतलं होतं. अफ्लाटॉक्सिन निघालं, किलोला २६ मायक्रोग्रॅम. आपल्याकडे थेट खाण्याच्या दाण्यांना मर्यादा आहे १० आणि प्रक्रियेसाठी घेतलेल्या दाण्यांना १५. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, हा माल कोणत्या पोत्यातल्या दाण्यांचा आणि त्या घाण्यातली बाकीची पाकिटं कुठे गेली, तेवढं सांगा. मी तेवढाच माल बाजूला काढतो."

मला सांगता आलं नाही.

तीन आडत्यांकडून आलेले दाणे आम्ही एकाच ढिगात ओतत होतो. तारखेचा शिक्का सोमवारी एकदा लावला की शनिवारपर्यंत तोच चालायचा. आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे संध्याकाळी परातीत उरलेली चार-पाच किलो चटणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घाण्यात मिसळायची. अन्न वाया घालवू नये, हा सासूबाईंचा संस्कार. पण त्यामुळे कालचा घाणा आजच्यात गेला, आजचा उद्याच्यात. यंत्र आणि पराती पूर्ण रिकाम्या करून धुतल्या होत्या २१ दिवसांपूर्वी. म्हणजे तेव्हापासूनच्या एकाही पाकिटाबद्दल "हे चांगलं आहे" असं म्हणण्याचा हक्क मला उरला नव्हता.

नोंद असती तर दोष निघाला असता दोन पोत्यांत. दोन पोत्यांचे चार घाणे, १२० किलो. मला परत मागवावा लागला १,०५० किलो. त्यातला ७१० किलो आला. उरलेली ३४० किलो चटणी लोकांनी खाऊन संपवली होती. एका आजींचा फोन आला, "माझा नातू रोज भाकरीबरोबर हीच खातो, काही होणार नाही ना?" त्यांच्या पाकिटात त्या पोत्यातले दाणे होते की नव्हते, हेही मी त्यांना सांगू शकले नाही. पैशांचं नुकसान दोन वर्षांत भरून निघालं. त्या फोनवर आलेलं गप्पपण अजून आठवतं.

अफ्लाटॉक्सिन हे विष येतं कुठून, ते आधी समजून घ्यायला हवं. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीपासून. शेंगा जमिनीत असताना पाण्याचा ताण पडला, किंवा काढणीनंतर दाणे ओलसर राहिले, की ही बुरशी धरते. उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये निघतो आणि वळवाच्या पावसात सापडतो. आमची ती पोतीही तशीच असावीत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी शेंगदाण्याच्या पेंडीमुळे मेले, तिथून या विषाचा शोध लागला. आपल्या देशात १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. किलोला १० मायक्रोग्रॅम म्हणजे १०० टन दाण्यांत एक ग्रॅम. एवढ्याने चव बदलत नाही, वास येत नाही. "आम्ही खरपूस भाजतो, भट्टीत सगळं मरतं," असं मीही म्हणायचे. बुरशी मरते. विष थोडं कमी होतं, जात नाही.

शिवाय ते पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. शंभर दाणे निर्मळ आणि एकातच भरपूर, असं असतं. म्हणून वरची मूठभर तपासून पोतं पास करू नका. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून दाणे काढा, सगळे एकत्र दळा आणि त्यातला नमुना पाठवा. मॉइश्चर मीटर घ्याच. ८ टक्क्यांच्या वर ओल असलेलं पोतं मी त्याच गाडीतून परत पाठवते, आडत्या कितीही जुना असो. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. कुचके, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडणाऱ्या मावशींना किलोवर मजुरी देऊ नका, रोजावर द्या. किलोवर दिली की हात घाईने चालतो आणि नेमका तोच एक दाणा सुटतो.

निवडून काढलेल्या दाण्यांचं आणि परत आलेल्या मालाचं काय करायचं, हे कोणी विचारत नाही. आमचा ७१० किलो माल परत आला तेव्हा पशुखाद्याचा एक व्यापारी लगेच विकत घ्यायला आला. त्या वेळी पैशांची फार गरज होती. पण हे विष गाईच्या पोटात गेलं की रूप बदलून दुधात उतरतं. म्हणजे एका नातवाच्या भाकरीवरून काढून दुसऱ्याच्या पेल्यात टाकायचं. वजन लिहून, फोटो काढून, आम्ही सगळा माल चुना टाकून पुरला.

आता नोंदीचं. पोतं उतरलं की त्याला चिठ्ठी बांधायची : आडत्या, बिल क्रमांक, तारीख, ओल. ढीग करायचा नाही, एक पोतं संपल्यावरच दुसरं फोडायचं. प्रत्येक घाण्याला स्वतःचा क्रमांक. आमच्याकडे २१४-२ म्हणजे वर्षाच्या २१४व्या दिवसाचा दुसरा घाणा. त्याच्यासमोर दाण्याचं पोतं कोणतं, मिरचीपूड कोणती (मिरचीतही हे विष येतं), किती पाकिटं भरली. तोच क्रमांक पाकिटावर आणि दुकानाच्या बिलावर. माल कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे, इतकं सांगता आलं तरी लहान कारखान्याला पुरतं. उरलेली चटणी आता आमच्या बायका घरी नेतात, नव्या घाण्यात ती जात नाही. प्रत्येक घाण्याचं एक पाकीट मुदत संपेपर्यंत कपाटात राहतं.

वही लिहायची ती घाणा चालू असतानाच, भट्टीशेजारी, तेलकट हातांनी. संध्याकाळी आठवून लिहिलेली वही दिसते सुबक, पण तिच्यातली अर्धी पोती अंदाजाची असतात.

असुरक्षित माल बाजारातून परत घेण्याची जबाबदारी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २८ ने उत्पादकावरच टाकली आहे. पण अधिकारी येतील म्हणून वही ठेवणारा ती अधिकाऱ्यांपुरतीच ठेवतो. वहीमुळे माझे ९३० किलो वाचले असते आणि त्या आजींना उत्तर देता आलं असतं, म्हणून मी ती ठेवते.

दर तीन महिन्यांनी मी दुकानातून आमचंच एक पाकीट उचलून आणते आणि घड्याळ लावते. पोत्यापर्यंत मागे जायचं, मग त्या पोत्याच्या प्रत्येक पाकिटापर्यंत पुढे यायचं. किलोंचा हिशेबही जुळला पाहिजे. तीस किलोंच्या घाण्यातून अठ्ठावीस किलोंचीच पाकिटं सापडली, तर दोन किलो गेले कुठे? पहिल्या वेळी दीड दिवस लागला. गेल्या महिन्यात चाळीस मिनिटांत दाणे, मिरची, मीठ सगळं सापडलं. लसूण सापडला नाही. तो रोज कोपऱ्यावरच्या बाईंकडून येतो, बिल नसतं, म्हणून आम्ही त्याला मालात धरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लसणाच्या गोणीलाही चिठ्ठी बांधली.