तारीख आणि जागा

चि. मृण्मयीस,


कॅमेरा हाती आला की दुर्मीळ पक्ष्यामागे धावावंसं वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. धुळ्यातच राहा, नकाणे तलाव आणि पांझरेचा काठ धर, रोज दिसतात त्याच पक्ष्यांचे फोटो काढ. मात्र प्रत्येक फोटोची तारीख आणि जागा खरी असू दे. हा हेका वाटेल, पण त्याला आधार खानदेशातलाच आहे. १८८४ नंतर रानपिंगळा या घुबडाची खात्रीची नोंद नव्हती. अपवाद एकच, माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला नमुना. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं १९१४, गुजरातेतलं मांडवी. प्रत्यक्षात तो नमुना चोरीचा होता आणि चिठ्ठी बनावट. तिच्यावर विसंबून लोकांनी भलत्याच ठिकाणी शोध घेतला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नोंदींवर भिस्त ठेवली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं! पक्षी होता तिथेच होता. आड आली ती एक खोटी चिठ्ठी.

तू म्हणशील, मी कुठे शास्त्रज्ञ आहे, मला नुसता देखणा फोटो हवा. हवाच, पण देखणेपणही ओळखीतूनच येतं. नाल्याकाठचा वंचक घे. हिवाळ्यात तो मातकट, रेघारेघांचा, चिखलात बसला तर दिसतही नाही. विणीच्या दिवसांत त्याच पक्ष्याची पाठ गडद तांबूस होते, डोक्यामागे लांब पिसं लोंबतात. जो नाल्यावर एकदाच गेला, त्याच्या हाती यातलं एकच रूप लागतं. तारखांसह वर्षभराचे फोटो शेजारी ठेवलेस तर बदल कधी सुरू झाला तेही कळेल. कॅमेऱ्यातलं घड्याळ मात्र आधी बरोबर लाव. ते चुकलं तर सगळा खटाटोप फुकट.

नेहमीच्या पक्ष्यांचे फोटो हजारोंनी आहेत, आणखी कशाला, हा आक्षेप जरा वजनदार आहे. पण नेहमीचे पक्षी नेहमीचेच राहतील याची हमी कोण देणार? २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो उभा आहे तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर. त्यात मोर आणि कोकिळा वाढताना दिसतात, तर दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो तारांवर बसणारा चास घटताना. चास कमी झाला हे कळायला, तो भरपूर होता तेव्हाही कुणीतरी त्याची दखल घेतलेली असावी लागते.

राहिला घरट्यांचा प्रश्न. खरी जागा लिही म्हणतो ती तुझ्या वहीत. चारचौघांत सांगताना घरट्याचा आणि घुबडांच्या ढोलीचा पत्ता गाळायचा. एकाच्या फोटोमागे दहाजण येतात, आडोशाच्या फांद्या तोडतात, आणि मग उघडी पडलेली अंडी कावळ्यांना आयती सापडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरट्याला उपद्रव देणं शिकारीतच धरलंय. घरट्याचा फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला. लेन्स मोठी घ्यावी का, असं विचारलं होतंस. सध्या आहे तिच्यावर वर्ष काढ. पक्षी लहान आला तर येऊ दे. भोवतालचं झाड, पाणी, तार फोटोत राहील, तेवढंच नोंदीला बरं. मूळ फोटो पुसू नकोस, कापायचा तर प्रत काढून काप.

तुझा,
काका