दुसऱ्या गिअरवर दाभोशाहून

दाभोशाच्या धबधब्याकडून जव्हारला येताना ऐन चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये अडकली. पाय दाबला तरी ओढेना. गाडी १९९०च्या दशकाच्या अखेरची ई-क्लास, गिअरबॉक्स ७२२.६ जातीचा, पाच गिअरचा ऑटोमॅटिक. मागून आलेला पिकअपवाला भला माणूस होता. म्हणाला, "दादा, दोर लावू का? जव्हारला नेऊन सोडतो." मी नको म्हटलं.

या गिअरबॉक्सला ऑइल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली, की मागची चाकं आतले भाग फिरवत राहतात आणि त्यांना ऑइल मिळत नाही. गाडीच्या पुस्तकात न्यूट्रलमध्ये फार तर ५० किलोमीटर, तेही ताशी ५०च्या आत, एवढीच मुभा आहे. दुरुस्तीला नाशिकला न्यायची, तर जव्हारहून ते त्यापेक्षा बरंच लांब. तेव्हा ओढायचीच वेळ आली तर फ्लॅटबेड मागवा.

आधी मात्र एक करून बघा. गाडी पार्कमध्ये टाका, इंजिन बंद करा, दहाएक सेकंद थांबा आणि पुन्हा चालू करा. कंट्रोल युनिटने दोष ओळखून गिअर रोखले असतील, तर दुसरा गिअर आणि रिव्हर्स एवढं मिळतं. आम्ही दुसऱ्यावरच हळूहळू घरी पोहोचलो.

शहरातल्या एका गॅरेजने फोनवरच निकाल दिला: गिअरबॉक्स गेला, पूर्ण खोलावा लागेल. स्कॅनर न लावता असं सांगणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. आमच्याकडे स्कॅनरने स्पीड सेन्सरचा दोष दाखवला. हे सेन्सर गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल चेंबरच्या आत, व्हॉल्व्ह बॉडीवरच्या कंडक्टर प्लेटमध्ये असतात. पण प्लेट मागवण्याआधी गिअरबॉक्सच्या बाजूचा वायरिंगचा प्लग काढून बघा. त्याच्या ओ-रिंग पंचवीस वर्षांत कडक होतात, ऑइल झिरपतं आणि वायरींच्या आतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं. तिथला प्लग ओला असेल तर तोही स्वच्छ करावा लागतो, नाहीतर नवी प्लेट घालूनही दोष परत येतो.

गाडी उचलताना मात्र जिवाशी गाठ असते. अंगण मुरुमाचं, वरून पावसाने भिजलेलं. खाली शिरण्याआधी गाडी दोन्ही हातांनी हलवली, तर एका स्टँडचा पाय डोळ्यांदेखत मुरुमात बोटभर रुतला. लगेच गाडी उतरवली आणि शेजाऱ्यांच्या सिमेंटच्या खळ्यावर नेली. नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. इंजिनही निवू द्या, गरम ऑइल कातडी सोलून काढतं.

चेंबर उतरल्यावर आधी लोहचुंबक बघा. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. धातूचे कण किंवा क्लच प्लेटचे काळे तुकडे हाताला लागले, ऑइलला जळका वास आला, तर तिथेच थांबा. तो गिअरबॉक्स जाणत्या मेस्त्रीकडेच गेला पाहिजे, घरच्या पान्यांनी क्लच उघडण्याचं धाडस करू नये. ऑइल, फिल्टर, प्लेट आणि ओ-रिंग एवढंच घरचं काम. त्यातही कॉटन वेस्ट जवळ फिरकू देऊ नका, एक धागासुद्धा व्हॉल्व्ह अडकवू शकतो. उघडलेलं त्याच दिवशी बंद करा. जव्हार-मोखाड्याच्या पावसाळी हवेत दुसरा पर्यायच नाही, कारण क्लचचं कागदी अस्तर पाण्याने सुटतं. चेंबरच्या बोल्टना फक्त ८ न्यूटन-मीटर जोर लागतो, म्हणून टॉर्क पाना हवाच.

ऑइल मोजण्यात सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात. या गिअरबॉक्सच्या नळीत कायमची डिपस्टिक नसते, टोपण असतं. वर्कशॉपची पट्टी मिळवा. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये आणि ऑइल ८० अंश सेल्सिअस असतानाच पातळी बघा. तापमान स्कॅनरवर दिसतं. थंड ऑइलवर ८० अंशांच्या खुणेपर्यंत भरलं, तर तापल्यावर ते जास्त होऊन फेसाळतं. डबा घेताना ब्रँडपेक्षा त्यावरचा मंजुरी क्रमांक वाचा. 'ऑटोमॅटिकचं कुठलंही चालतं' हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नका.

काढलेलं ऑइल आमच्याकडे एकाने कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून मागितलं. दिलं नाही. उताराला विहिरी आहेत. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलंय, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे पाठवायला.