झेनर डायोड : विजेचा सांडवा

पावसाळ्यात मुळशी धरण भरले, की जादा पाणी सांडव्यावरून मुळा नदीत जाते आणि धरणाची पातळी वाढत नाही. पाणी कमी असेल, तर सांडवा कोरडा राहतो. (याच धरणाच्या पाण्यावर भिरा येथे वीज तयार होते.) झेनर डायोडचे कामही सांडव्यासारखेच असते.

साधा डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. झेनर डायोड मात्र मुद्दाम उलटा जोडतात. समजा, तो 5.1 व्होल्टचा आहे. तेवढे व्होल्टेज होईपर्यंत तो जवळजवळ गप्प असतो. ते वाढू लागले, की जादा प्रवाह तो स्वतःतून वाहू देतो.

झेनरच्या आधी एक रोधक लावतात आणि उपकरण झेनरच्या दोन टोकांना जोडतात. पुरवठा 9 व्होल्ट असेल, तर रोधकावर 3.9 व्होल्ट पडतात. तो 12 झाला, तर 6.9. उपकरणाला मात्र दोन्ही वेळा सुमारे 5.1 व्होल्टच मिळतात. रोधक लावला नाही, तर बिचारा झेनरच जळतो!

क्लॅरेन्स झेनर या अमेरिकी शास्त्रज्ञांचे नाव या डायोडला मिळाले. विद्युतरोधक पदार्थातून वीज अचानक कशी वाहू लागते, हे त्यांनी 1934 मध्ये मांडले होते.

आता सांगा, पुरवठा 4 व्होल्टवर उतरला तर? झेनर पुन्हा गप्प. कमी पडलेले व्होल्टेज तो वाढवू शकत नाही.