फवारणीचा ड्रोन आणि शेजाऱ्याचे परसू

ड्रोनने फवारणी करताना आपले यंत्र बांधापलीकडेही पाहू शकते, हे शेतकरी बंधूंनी व ग्राम-कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. २०२१ च्या ड्रोन नियमांत नोंदणी, उड्डाणाची क्षेत्रे व चालकाचे प्रमाणपत्र यांविषयी सविस्तर तरतुदी केल्या; खाजगी जीवनाविषयी मात्र स्वतंत्र नियम घातला नाही. यावरून प्रमाणपत्र असले की झाले, असा समज पसरतो. तो खरा नव्हे.

खेड्यात न्हाणी पुष्कळदा परसात असते. तिचा आडोसा रस्त्यावरून पुरतो, आकाशातून पुरत नाही. तेथे स्नान करणाऱ्या स्त्रीचे चित्र घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमान्वये पहिल्याच अपराधास एक ते तीन वर्षे कारावास व दंड होतो. चित्र न घेता बुद्ध्या पाहत राहणे, हाही त्याच कलमाखालील अपराध होय.

फवारणीसाठी चित्रण साठविण्याची सहसा गरज नसते. ते बंद ठेवावे. घरांच्या बाजूस यंत्र पिकावरच वळवावे, बांध ओलांडू देऊ नये. आदल्या दिवशी शेजारी वेळ कळवावी. त्याच निरोपाने पिण्याचे पाणी झाकता येते व जनावरेही दूर बांधता येतात.