पत्र आलं, तारीख नाही



गंगाखेड, पाथरी, सोनपेठ भागातील बऱ्याच सभासदांची मुलं-मुली आता इंजिनियर होऊन पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत अर्ज करतात. कॉलेजातच मुलाखत होते, निवडीचं पत्र येतं, घरी पेढे वाटले जातात. आणि मग रुजू होण्याची तारीखच येत नाही. पोरगं दिवसभर मोबाईल बघत बसतं. बाप पारावर जायचं टाळतो, कारण तिथं एकच प्रश्न, "काय, कधी जायलंय पोरगं?"

ऊसवाल्याला हे समजायला अवघड नाही. गट ऑफिसात नोंद झाली म्हणजे तोड आली, असं आपण धरत नाही. टोळी फडात उतरली म्हणजे खरं. निवडीचं पत्र ही नुसती नोंद आहे. उसाला निदान कायद्याचा आधार आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले नाहीत, तर दरसाल 15 टक्के व्याज लागू होतं. (ते पदरात पडायला किती चपला झिजतात, हा वेगळा विषय.) नोकरीच्या पत्राला असं व्याज नसतं. रुजू होईपर्यंत पगारही नाही.

इन्फोसिससारख्या मोठ्या कंपनीचं उदाहरण घ्या. 2022 साली निवड झालेल्या सुमारे 2000 पदवीधरांना दोन वर्षांवर थांबावं लागलं. पुण्याच्या 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेने 2024 मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, आणि त्या ऑक्टोबरपासून मुलं रुजू होऊ लागली. तेवढ्यावर संपलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रशिक्षणाच्या परीक्षेत तीनदा नापास झाले म्हणून 300 हून अधिक जणांना कमी केलं. विप्रोने 2023 मध्ये साडेसहा लाखांची निवड झालेल्यांना साडेतीन लाखांवर लवकर येता का, असं विचारलं होतं. कारण एकच. कंपन्या परदेशी कामाचा अंदाज धरून वर्षभर आधी माणसं निवडतात. काम आटलं की निवडलेली मुलं बांधावर उभी राहतात. यात पोराचा दोष नाही, हे घरातल्यांनी आधी ध्यानात घ्यावं.

खरी ओढाताण कर्जाची होते. शैक्षणिक कर्जाला साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत असते. त्या काळातही व्याज चढतंच. समजा कर्ज चार लाख आणि दर 10 टक्के, तर वर्षाला 40 हजार, महिन्याला सव्वातीन हजारांच्या वर. हे व्याज जमेल तसं भरत गेलात तर ते मुद्दलात मिसळत नाही. हप्ता सुरू व्हायच्या आधीच बँकेत जाऊन, पत्र दाखवून मुदत मागावी. थकल्यावर गेलं की साहेबाचा सूर बदलतो.

आणि रान पडीक ठेवू नये. पत्र आलं म्हणून मुलांनी दुसरीकडचे अर्ज थांबवू नयेत, हातची छोटी नोकरी तारीख लिहून येईपर्यंत सोडू नये. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी योजनेतही पदवीधराला विद्यावेतन मिळतं. "तारीख लवकर काढून देतो" म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला चहाही पाजू नका. मुलीच्या बाबतीत तारीख लांबली की स्थळं बघायची घाई सुरू होते. तिलाही मुलाइतकीच सवड द्या.

कंपनीला फोनवर विचारण्यापेक्षा महिन्यातून एकदा ई-मेल करावा, म्हणजे लेखी राहतं. चार ओळी पुरेत: नाव, पत्राचा क्रमांक व तारीख, रुजू कधी करून घेणार, आणि "अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मी दुसरीकडे रुजू होण्यास मोकळा आहे." त्याची एक प्रत छापून मूळ पत्राला टाचून, ऊसबिलाच्या पावत्या ठेवता त्याच पेटीत ठेवावी.