सुईचा भार

महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या जुन्या कपाटांत ध्वनिमुद्रिकांचे गठ्ठे अजून जपून ठेवलेले आढळतात. त्या वाजविणारे यंत्र मात्र बहुधा केव्हाच मोडीत गेलेले असते. अशा घरी नवा रेकॉर्ड प्लेअर आला की सर्वांना घाई होते ती गाणे ऐकण्याची. परंतु खोक्यातून निघतात ते सुटे भाग, आणि ते कसे जुळविले जातात यावर त्या जुन्या तबकड्यांचे आयुष्य अवलंबून असते.

१९४८ साली प्रचारात आलेल्या दीर्घवादी तबकडीवर, म्हणजे एल. पी. वर, दिसतात ती अनेक वर्तुळे नव्हेत. ती एकच अखंड सर्पिल खाच होय. तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते आणि वीस मिनिटांत सुई त्या खाचेतून चारशे मीटरांहून अधिक वाट चालते. खाचेच्या भिंतींवरील सूक्ष्म वळणे हेच गाणे. भिंत एकदा खरवडली गेली की ती पूर्ववत करण्याचा उपाय नाही.

यास्तव प्रथम पाहावयाची ती जागा. मेज भक्कम हवे आणि स्पीकर त्यावर ठेवू नयेत. त्यांची थरथर सुईपर्यंत पोचते. गवंडी वापरतो तशी लहानशी पाणसळ यंत्रावर ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाय वरखाली करावेत. नंतर फिरती थाळी आसावर बसवावी, मोटरीचा रबरी पट्टा पीळ न पडू देता तीवर चढवावा आणि वर नमदा अंथरावा. हे काम सोपे आहे.

खरे कौशल्य लागते ते सुईच्या दांडीपाशी. ही दांडी म्हणजे एक तराजूच. पुढच्या टोकाला सुई, मागे फिरवता येणारे गोल वजन. सुईचे झाकण काढून, ती कोठेही टेकू न देता, ते वजन इतके सरकवावे की दांडी हवेत आडवी तरंगू लागेल. मग वजनावरील आकड्यांची कडी शून्यावर आणावी आणि सुईच्या निर्मात्याने सांगितलेला आकडा येईपर्यंत वजन फिरवावे. तो बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे जुन्या हिशेबाने दोन मासे! सोनाराच्या काट्याचेच हे काम.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. भार जितका हलका तितकी तबकडीची झीज कमी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः फार हलकी सुई खाचेत स्थिर राहत नाही. उंच सुरांवर ती उसळते आणि भिंतींवर आदळते. आवाज चिरका येतो आणि खाच बिघडते. सांगितलेल्या भाराहून कमी भार ही काटकसर नव्हे, नासाडी होय. फिरत्या तबकडीवर सुई आपोआप केंद्राकडे ओढली जाते; ती ओढ तोलणारा लहान खटकाही त्याच आकड्यावर ठेवावा.

सुईतून निघणारा विद्युत्संदेश अवघा काही सहस्रांश व्होल्टचा असतो. त्यामुळे त्याला निराळा प्रवर्धक लागतो. काही यंत्रांत तो आतच असतो. घूं असा आवाज येऊ लागला तर अर्थची तार जोडली आहे की नाही, ते आधी पाहावे.

वेग तपासण्याची युक्ती तर गणिताच्या तासाला शोभेल अशी आहे. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणून निऑनचा छोटा दिवा सेकंदास १०० वेळा लुकलुकतो. गोल कागदावर समान अंतराने १८० रेघा काढून तो थाळीवर ठेवला आणि वेग बरोबर असला, तर त्या दिव्याच्या उजेडात रेघा स्तब्ध दिसतात. १८०च का, हे ६००० ला ३३⅓ ने भागून पाहावे.

राहता राहिल्या लाखेच्या तबकड्या. बालगंधर्वांची नाट्यपदे घरोघर पोचली ती अशाच तबकड्यांतून. त्या मिनिटास ७८ फेरे घेतात आणि त्यांची खाच बरीच रुंद असते. एल. पी.ची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन धुळीतून खरखरत चालते, गाणे दूरच राहते. तिला सुमारे चौपट जाड टोकाची सुई लागते. ती बसविली की भार पुन्हा शून्यापासून मोजावा, आणि एल. पी. लावण्यापूर्वी जुनी सुई व जुना आकडा परत आणावा.